आप्पांचं शेवटचं वाक्य

“अगं, आप्पांचं रेकॉर्डिंग ॲपमध्ये उघडतच न्हाय. आणि शेवटचं तर…”

शेजारच्या आक्कांची लेक फोनवर बोलत होती. एवढंच कानावर आलं आणि आक्कांनी मिक्सर लावला. पुढचं सगळं चटणीत गेलं! आता तुम्हीच सांगा, अर्धं वाक्य घेऊन माझ्यासारख्या बाईला झोप लागेल का? उरलेलं मीच पूर्ण केलं: आप्पांचं रेकॉर्डिंग पुसलं!

आप्पा म्हणजे आक्कांचे यजमान. अनगोळातल्या आमच्या गल्लीतलं शांत माणूस, दिवाळीआधी गेलं. आजारपणात एका दुपारी मोबाईल पुढ्यात ठेवून ते एकटेच बोलत बसले होते. गुंजी गावातलं लहानपण, लग्न, सगळं. त्यांची लेक वैशाली बंगळूरात मोबाईलची ॲप बनवते. आक्कांना वाचता येत नाही, म्हणून सुट्टीला घरी आल्यावर आप्पांच्याच जुन्या मोबाईलवर ती आईसाठी ॲप करत होती. एकच मोठं बटण. दाबलं की आप्पा बोलणार.

मी फक्त समोरच्या शांताबाईंना सांगितलं. तेही हळू आवाजात! पण संध्याकाळी अख्खी गल्ली आक्कांच्या दारात. कुणी भाकरी आणली, कुणी पिठलं. आप्पा दुसऱ्यांदा गेल्यागत बायका डोळ्याला पदर लावून बसल्या.

“आक्का, आवाज पुसला तर पुसला, मनातनं कोण पुसतंय?” शांताबाई म्हणाल्या.

आक्कांच्या हातातला तांब्याच पडला. “वैशू, त्यांचा आवाज गेला व्हय गं?”

“कोण म्हणालं?”

सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. एवढी एकी पाण्याच्या टँकरपुढं कधी दिसली नव्हती!

“मावशी, फाईल हाय तशी हाय,” वैशाली म्हणाली. “नुसती लई मोठी हाय. ॲप ती सगळी एकदम मेमरीत घ्यायला जायचं, मोबाईलला झेपायचं न्हाय, बंद पडायचं. आता छोटा बफर ठेवलाय. तेवढा भरायचा, वाजवायचा, परत भरायचा.”

“म्हणजे टाकी एका कळशीत ओतालतीस,” आक्का डोळे पुसत म्हणाल्या. “कळशी-कळशीनं आण की गं.”

बटण दाबलं. आप्पा बोलू लागले! कुणी हसलं, कुणी रडलं, उठलं कुणीच नाही. शेवटी त्यांचा आवाज जड झाला. “वैशूच्या आईला एक सांगायचं ऱ्हायलंय. जन्मभर तोंडावर बोलायला जमलं न्हाय. आता सांगतो…”

आक्का मोबाईलवर वाकल्या.

मोबाईलमधलं दार करकरलं. मागनं एका बाईचा ठणठणीत आवाज: “आप्पा, एकटंच कुणाशी बोलालाय हो? मला तर सांगा!” आणि खट्. संपलं.

आवाज कुणाचा, ते विचारायची गरज कुणाला पडली नाही.

“लॅपटॉपवर मी ऐकलेलं,” वैशाली मान खाली घालून म्हणाली. “मैत्रिणीला तेच सांगत होते. शेवटचं तर अर्धंच ऱ्हायलंय, आईला कसं सांगू?”

आक्कांनी माझा हात धरला. डोळ्यात अजून आशा. “मग तुला सांगितलं असंल की त्यांनी. काय म्हणाले गं?”

अख्ख्या गल्लीची बातमी माझ्याकडं असते. पण त्या दुपारी आप्पांनी तोंड उघडलं तेवढंच. दिवेलागणीपर्यंत मीच बोलत बसले होते.