तो घाम मशीनचा नव्हता

सावंत काकू सोफ्यावर बसून मला सांगत होत्या की मशीन एक नंबर आहे. त्यांची सून रश्मी माझ्या शेजारी उभी राहून सांगत होती की मशीन आत्ताच्या आत्ता उचलून न्या. मी टूलबॅग खाली ठेवायला जागा शोधत होते, कारण डोंबिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये कपाट आणि खिडकीच्या मधली उरलीसुरली जागा आमच्याच केबिनने खाल्ली होती.

"आई दोनदा पडल्या आतमध्ये," रश्मी म्हणाली. "नशीब मी घरून काम करते. तुमचं मशीन ओव्हरहीट होतंय."

"पडले नाही गं. बसल्या बसल्या डोळे मिटले."

"आई, तुम्ही हाकेला ओ देत नव्हता!"

"घाम निघून अंग हलकं झालेलं. त्याला ही पडले म्हणते."

माझं काम इन्फ्रारेड सॉना बसवणं आणि दुरुस्त करणं. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, बरीच वर्षं गिझर आणि एसी केले, आता हे. दार उघडणारी माणसं अजूनही माझ्या खांद्यावरून मागे बघतात, इंजिनिअर कुठे राहिला म्हणून. आधी राग यायचा. आता मीही मागे वळून बघते आणि म्हणते, "आलीय, चला."

सॉना म्हणजे मोठ्या कपाटाएवढी लाकडी केबिन. काचेचं दार, आत बसायला बाक, भिंतींमध्ये तापणारे पॅनल. वाफेच्या सॉनात आधी हवा तापते आणि मग माणूस. इन्फ्रारेडमध्ये उष्णता थेट अंगावर पडते, थंडीत उन्हाकडे पाठ करून बसल्यासारखी. पण पॅनल पूर्ण तापायला वेळ लागतो, आणि खरा घाम त्यानंतर येतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूर्वी लोक हे दुखऱ्या पाठीसाठी घ्यायचे. हल्ली सगळ्यांना डिटॉक्स हवा असतो. आमच्या ब्रोशरमध्ये पॅनलपेक्षा डिटॉक्सच जास्त वेळा येतो. घामातून शरीरातलं विष निघतं म्हणे. माझ्या माहितीप्रमाणे घामातून निघतं ते पाणी आणि मीठ. विष काढायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, पण त्या दोघांनी कधी ब्रोशर छापलेलं नाही, त्यामुळे त्यांना कोणी विचारत नाही.

सावंत काकू टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. मूळ गाव मालवणकडे. डायबेटीस इतका जुना की त्याला त्या "माझा धाकटा" म्हणायच्या. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, शिवाय गुडघे धरलेले. मुलगा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवारी यायचा. त्याने आईच्या वाढदिवसाला ही केबिन घेतलेली.

रश्मी चहा करायला आत गेली तशा काकू माझ्याकडे सरकल्या.

"हे बघ, तू मशीन नेऊ नकोस. एवढी वर्षं डॉक्टर सांगतो तेच करतेय. हे खाऊ नको, ते खाऊ नको, सुई टोच. ही एकच गोष्ट मी माझ्यासाठी करते. आणि हिचा रिझल्ट डोळ्यांना दिसतो. टॉवेल पिळला तर घाम गळतो गं!"

त्यांचा चेहरा फुललेला. मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

थर्मामीटर आत ठेवला, डिस्प्लेवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. बरोबर. सेन्सर, म्हणजे आत किती तापलंय ते मशीनला कळवणारा छोटा पार्ट, जागेवर होता. करंट मोजला, ठीक. टायमर वेळेवर बंद होत होता. शेवटची टेस्ट मी नेहमी स्वतःवर करते. आत बसले. अर्ध्याहून जास्त वेळ गेल्यावर कुठे कपाळावर घाम आला. बाहेर आले तेव्हा मला छान वाटत होतं, जरा झोपही येत होती. मशीनमध्ये काही दोष नव्हता.

माजिवड्याच्या ऑफिसमध्ये मी आमच्या देसाई सरांना तसं सांगितलं.

"कंट्रोलर बदलून टाक," सर म्हणाले.

"कंट्रोलर चांगला आहे सर."

"असू दे. कस्टमरला नवीन पार्ट दिसला की अर्धी कम्प्लेंट तिथेच संपते."

आमच्या धंद्यात हे खरं आहे, म्हणून मी वाद घातला नाही. जाऊन कंट्रोलर बदलला. काकू खूश, रश्मी साशंक. पुढच्याच सोमवारी रश्मीचा फोन आला. आवाज रडवेला.

"परत तसंच झालं. आज तर काय बोलत होत्या तेही कळत नव्हतं. लिंबू सरबत पाजलं तेव्हा कुठे शुद्धीवर आल्या. माझ्या नवऱ्याला तोंड कसं दाखवू मी उद्या काही झालं तर?"

"डॉक्टरांना सांगितलं?"

"नाही हो. आईंनी शपथ घातलीय. डॉक्टर मशीन बंद करतील म्हणून."

मी सरांना म्हटलं, आता पार्ट बदलत बसण्यात अर्थ नाही, काकू आत असताना मशीन चालताना बघायला हवं.

"तू काय त्यांच्या शेजारी बसणार?"

"बाहेर बसणार. दार काचेचं आहे."

"आणि तोपर्यंत घोडबंदरचं इन्स्टॉलेशन?"

"ते पळून जात नाही सर. म्हातारी बाई जाईल."

सरांनी घोडबंदरला फोन लावून तारीख पुढे ढकलली. त्यांची आईही त्याच वयाची आहे.

मी रश्मीला बजावलं की मी येईपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेव, आणि पुढच्या सोमवारी सकाळीच डोंबिवलीला पोचले. काकू जुना कॉटनचा गाऊन घालून, खांद्यावर टॉवेल टाकून तयारच होत्या. आठवडाभर बसायला न मिळाल्यामुळे माझ्यावर फुरंगटलेल्या. रश्मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर. मी केबिन चालू केली, काकूंना बसवलं आणि स्टूल ओढून काचेसमोर बसले.

"एक्स्चेंजमध्ये असंच काचेतून सुपरवायझर बघायची," काकू आतून म्हणाल्या. "खाष्ट होती. तुझ्यासारखीच." मग ट्रंक कॉल, नाइट ड्युटी, कोणाचं लग्न कसं फोनवर जमलं, सगळं निघालं. मी हसत होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की हसणारी मी एकटीच आहे. काकूंचं बोलणं अडखळायला लागलेलं.

त्यांचं कपाळ घामाने थबथबलेलं. मानेवरून ओघळ चाललेले.

"बघ," त्या म्हणाल्या, जीभ जड झालेली, "आज लगेच सुटलं. विष."

मी डिस्प्लेकडे पाहिलं. मशीन आत्ताच तर सुरू केलेलं. आतला आकडा एवढा कमी होता की मे महिन्यात डोंबिवलीचं कुठलंही स्वयंपाकघर त्याहून गरम असेल. पॅनलला हात लावला तर कोमट. एवढ्याशा उष्णतेत मला स्वतःला थेंबभर घाम आला नव्हता.

मी मेन स्विच बंद केला, दार उघडलं आणि काकूंचा हात धरला. हात गार होता. गार, ओला आणि थरथरणारा. उष्णतेने घामाघूम झालेला माणूस तापलेला असतो, लालबुंद असतो. ह्या पांढऱ्याफटक पडलेल्या. माझ्या सासऱ्यांना डायबेटीस होता. शुगर खाली गेली की त्यांचा हात असाच लागायचा.

"रश्मी!" मी ओरडले. "शुगर मोजायचं यंत्र आण. हा घाम माझ्या मशीनचा नाही."

रश्मी ग्लुकोमीटर घेऊन धावत आली.

"सकाळी काय खाल्लं ह्यांनी?"

"सोमवार ना आज. सोळा सोमवार धरलेत, गुडघ्यांसाठी. संध्याकाळी पूजा झाल्यावर सोडतात. सकाळी फक्त बिनसाखरेचा चहा."

"आणि इन्सुलिन?"

रश्मी बोटाला सुई टोचता टोचता थांबली. "ते रोजचं घेतलंच. त्यात खाडा करायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय…" तिचं वाक्य तिथेच विरलं. ग्लुकोमीटरवर आकडा आला आणि तिने तो मला दाखवलाही नाही, तशीच साखर आणायला पळाली.

पुढचं ऐका. साखरेच्या पाण्याचा पेला तोंडाशी नेला तर काकूंनी तो ढकलला.

"उपवास आहे."

"साखर उपवासाला चालते काकू."

"मला डायबेटीस आहे."

एका तोंडाला दोन कुलुपं, आणि किल्ली दोन्हींची त्यांच्याकडेच. त्यांची नजर माझ्यावर होती, पण मी कोण हे त्यांना कळत नव्हतं. मला खरंच भीती वाटली. गिळणंच थांबलं तर काही पाजताही येणार नाही, सरळ हॉस्पिटल गाठावं लागेल, हे मला सासऱ्यांच्या वेळेपासून माहीत होतं.

रश्मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. पेला बाजूला ठेवला, चमचा घेतला आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, "आई, तीर्थ घ्या."

काकूंचा उजवा हात आपोआप पुढे आला. तळवा खोलगट झाला, खाली डावा हात आला. रश्मीने साखरेचं पाणी तळहातावर घातलं, काकूंनी ते प्यायलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. पुन्हा तीर्थ. पुन्हा तीर्थ. गावच्या रामेश्वराच्या देवळात एवढं तीर्थ त्यांनी आयुष्यात घेतलं नसेल.

हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. हाताची थरथर थांबली. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मला ओळखलं.

"मशीन का बंद केलंस गं?"

रश्मीला रडू फुटलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही.

त्याच संध्याकाळी रश्मी शपथ मोडून काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मग मला फोन करून सगळं सांगितलं. इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं की शुगर घसरते. अंगाला उष्णता मिळाली की तेच इन्सुलिन रक्तात आणखी भराभर उतरतं. घसरल्याची एक पहिली खूण म्हणजे घाम. आणि ह्या घरात त्या घामाचीच वाट बघितली जात होती. तो लवकर आला की काकू म्हणायच्या, उपवासाच्या दिवशी शरीर विष पटकन सोडतं. नंतर चक्कर आली की रश्मी साखर घातलेलं लिंबू सरबत द्यायची, त्या ताज्यातवान्या व्हायच्या, आणि सगळा दोष माझ्या पॅनलवर यायचा. शुगर मोजायचं कोणाला सुचलंच नाही, कारण घामाचं कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं.

देसाई सरांना सांगितल्यावर त्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"म्हणजे मशीन ओके. युजरचा प्रॉब्लेम. क्लोज कर."

"करते. पण ब्रोशरमधली ती ओळ काढा. 'रिकाम्या पोटी बसल्यास अधिक लाभ.' काकूंनी ती मला वाचून दाखवलीय, चष्मा लावून."

"ते मार्केटिंगचं आहे, आपलं नाही."

"मग पुढच्या सोमवारी मार्केटिंगवाल्याला काचेबाहेर बसवा."

सर मान हलवत दुसऱ्या कम्प्लेंटकडे वळले. पण नव्या छापलेल्या ब्रोशरमध्ये ती ओळ नाही, आणि आजारपण किंवा औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे मागच्या पानावरून पुढच्या पानावर आलंय. डिटॉक्स मात्र जागच्या जागी आहे. तो काढला तर ब्रोशरमध्ये उरणार काय?

काही आठवड्यांनी ऑफिसला डोंबिवलीहून पुन्हा कम्प्लेंट आली. ह्या वेळी फोन खुद्द काकूंचा. मशीन कमजोर झालंय, लगेच माणूस पाठवा. मी हातातलं काम टाकून निघाले, मनात नको नको ते विचार.

काकूंनीच दार उघडलं. डॉक्टरांनी त्यांना गुडघ्यांपुरतं, थोडा वेळ बसायची परवानगी दिलेली: खाऊन झाल्यावर, शुगर मोजून, घरात कोणी असताना. सोमवारी केबिन बंद, आणि उपवासही आता डॉक्टरांना विचारून, फराळ करून. महादेवाची हरकत दिसली नाही.

"गुडघे काय म्हणतात?" मी विचारलं.

"गुडघे बरे आहेत. पण घाम कुठाय? पूर्वी बसल्या बसल्या धारा लागायच्या. आता अर्धा वेळ नुसती कोरडी बसते. तू तो नवीन पार्ट घातलास ना, तेव्हापासून बिघडलंय."

मी केबिन चालू केली, त्यांना आत बसवलं आणि काचेसमोर स्टूल ओढलं. काकू पूर्ण वेळ बोलत होत्या. माझ्या कंपनीला नावं ठेवली, रश्मीच्या डाळीला ठेवली, एक्स्चेंजच्या सुपरवायझरला पुन्हा एकदा ठेवली. चेहरा कोरडा, आवाज खणखणीत. शेवटी शेवटी कपाळावर चार थेंब आले, जेव्हा यायला हवेत तेव्हा.

सर्व्हिस रिपोर्टवर मी लिहिलं, मशीन व्यवस्थित चालू आहे. खाली कस्टमरचा शेरा आणि सही लागते. काकूंनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: "समाधान नाही."

कस्टमरचं समाधान हेच आमचं काम, असं ऑफिसच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. तरी मी तो रिपोर्ट आनंदाने घडी करून बॅगेत टाकला. एवढी आवडलेली कम्प्लेंट मला नोकरीत दुसरी आलेली नाही.