घोरण्याचं कौतुक

माझे सासरे संपत, म्हणजे आमचे आबा, चाळीस वर्षं धायरीहून मंडईत जाऊन पालेभाजी विकतात. गाळ्यावर मांडी घालून बसल्या बसल्या ते डुलक्या काढतात. घोरणं तर असं की शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने एकदा विचारलं, "रात्रभर पंप कशाला चालवता?" आम्हाला त्याचं भारी कौतुक! कष्टाच्या माणसाला कशी गाढ झोप लागते बघा, असं मीही पाहुण्यांना सांगायचे. शुद्ध मूर्खपणा होता तो.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची डावी पोटरी सुजली. सरुबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, तीन दिवस कोमट तेलाने ती चोळून दिली. चौथ्या दिवशी पाय लाल, गरम. मी हट्टाने दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी दिसली. डॉक्टर तनुजा म्हणाल्या, "ही सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. चोळायचं मुळीच नाही." सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"झोपेत यांचा श्वास थांबतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबतो की," सासूबाई हळूच म्हणाल्या. "बारा वर्सं झाली. मी जागीच आसते. थांबला की कोपरानं ढोसते, मग चालू व्हतो."

आबा त्यांच्याकडे वळले. "कदी बोलली न्हाईस?"

"नवऱ्याच्या घोरण्याची काय तक्रार करायची?"

डॉक्टरांनी समजावलं, की झोपेत श्वास अडकणाऱ्यांमध्ये गुठळ्यांचा धोका जास्त आढळतो. वजन आणि तासन्‌तास बसणंही आहेच, एकावर खापर फोडता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, झोपेची तपासणी झाली आणि झोपेत श्वास अडकू नये म्हणून नाकातोंडावर लावायचं मास्कचं यंत्र घरी आलं.

पहिल्या रात्री आबांनी ते काढून फेकलं. "मी काय बैल हाय का, मुसकं बांधायला?"

दुसऱ्या रात्री मी पाणी ठेवायला गेले, तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या.

"आडवी का व्हत न्हाईस?" आबांनी विचारलं.

"मंग तुमच्याकडं कोन बघनार?"

आबांनी मास्क उचलला, स्वतःच पट्टा आवळला आणि आतूनच म्हणाले, "नीज आता."

सकाळी नऊ वाजले तरी सासूबाई उठल्या नव्हत्या. आबा मंडईत न जाता त्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मी कुकर लावायला निघाले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं.