आईच्या नाकावर लिहिलेली पोस्ट

भुंगीचे सुरुवातीचे लेख कोणीच वाचले नाहीत. अभ्यासाचं वेळापत्रक कसं आखावं, परीक्षेआधी झोप का महत्त्वाची, असले ते लेख होते. तिला स्वतःला यातलं काहीच जमत नव्हतं. वेळापत्रक ती रविवारी आखायची आणि सोमवारी दुपारपर्यंत ते मेलेलं असायचं. पण ब्लॉगवर असंच काहीतरी लिहायचं असतं, अशी तिची समजूत होती.

कॉलेजात लेखनाचा एक विषय होता आणि त्यात प्रत्येकाने वर्षभर स्वतःचा ब्लॉग चालवायचा होता. बाकीच्यांनी ते काम अंगावरची माशी हाकलावी तसं उरकलं. भुंगीला काहीच उरकता येत नसे. भुंगी हे नाव आईने ठेवलेलं. लहानपणी ती आईच्या मागे मागे घरभर फिरायची आणि गुणगुणल्यासारखी विचारत राहायची, दार लावलं का, गॅस बंद केला का, तू परत येशील ना. वय वाढलं तसे प्रश्न तोंडातून डोक्यात गेले, एवढंच. आता ती ब्लॉगचं आकड्यांचं पान उघडून बघत बसायची. किती जणांनी पाहिलं, ते तिथे कळायचं. बहुतेक वेळा ती स्वतःच असायची.

"हे तू लिहिलंयस की औषधाच्या खोक्यावरच्या सूचना वाचतोय मी?" लेखनाचे सर वर्गात म्हणाले. सगळे हसले. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. "तू रोज जे बघतेस आणि आम्ही कोणी बघत नाही, असं काहीतरी असेल ना? ते लिही."

असं एकच काहीतरी होतं, आणि ते सांगायचं नव्हतं.

आई डेअरीत होती. माल उतरवायच्या ओट्यावर रोज सकाळी दुधाचे कॅन यायचे, आणि प्रत्येक कॅन टाकीत रिकामा होण्याआधी आईच्या नाकाखालून जायचा. झाकण उचलायचं, उलटं करायचं, त्याच्या आतल्या बाजूला नाक लावायचं, कारण वास तिथे धरून राहतो. ठीक असेल तर हात पुढे, शंका असेल तर हात बाजूला. बाजूला काढलेला कॅन प्रयोगशाळेत जायचा. एक आंबलेला कॅन टाकीत गेला की सगळी टाकी गटारात, आणि नुसती गटारात गेली तर नशीब म्हणायचं, कारण लक्षात आलं नाही तर ते दूध गावभर जायचं, दवाखान्यातही. भुंगीचे वडील गेल्यापासून घर या नाकावर चाललं होतं. आई हे असंच बोलून दाखवायची, नाकावर टिचकी मारून: "हे बघ, हा आपला कमावता माणूस."

मग थंडीत आईला ताप आला. ताप उतरला. एका सकाळी भुंगी आंघोळीहून बाहेर आली तर स्वयंपाकघर धुराने भरलेलं, पातेल्यात दूध जळून कोळसा झालेलं, आणि आई दोन हातांच्या अंतरावर पाठमोरी बसून शांतपणे बटणं शिवत होती.

"आई, अगं वास नाही आला तुला?"

आईने सुई कापडात टोचून ठेवली. पातेल्याकडे पाहिलं. मग भुंगीकडे.

"हे घराबाहेर जाता कामा नये," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, कधी ते सांगता येत नाही. तोवर आई कामावर जातच राहिली. कशी, ते तिने एकदा भाजी चिरता चिरता सांगितलं. झाकण नाकाशी धरायचं आणि झाकणाच्या कडेवरून दूध आणणाऱ्या गाडीवाल्याकडे बघायचं. कुठला कॅन उन्हात राहिला, कुठला कालचा आहे, हे त्याला ठाऊक असतं. तोंड सांगतंच. कोणी ओठ चावतो, कोणी उगाच दोरी आवळायला लागतो, कोणी एकदम हवापाण्याच्या गप्पा काढतो. "इतकी वर्षं मी दुधाकडे बघत होते," आई म्हणाली, "आता माणसं बघतेय. माणसं लवकर नासतात." ती स्वतःच हसली. मग हसणं थांबलं आणि सुरीही थांबली. "भीती वाटते गं. एखादा असा भेटेल की ज्याला लाजच नाही."

हे सगळं भुंगीने लिहिलं. एका बैठकीत. लिहिताना तिला पहिल्यांदाच कसलीही काळजी वाटली नाही, आणि हीच काळजीची गोष्ट होती हे तिच्या लक्षात आलं नाही. पोस्ट टाकण्याआधी तिने सावधगिरी बाळगली. आईची 'आमच्या गल्लीतली एक बाई' झाली. डेअरीचा मासळी बाजार झाला, कॅनच्या पेट्या झाल्या. तापाच्या जागी पडून डोक्याला लागलेला मार आला. तिने पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. आई कुठेच सापडत नव्हती.

सरांनी ती पोस्ट कॉलेजच्या पानावर लावली. आकडे हलले, मग धावायला लागले. अनोळखी माणसं लिहीत होती: या बाईचं पुढे काय झालं? ही खरी आहे का? भुंगी तासातासाला फोन काढायची. छाती फुगायची, आणि लगेच ती पोस्टमध्ये आई कुठे दिसते का ते पुन्हा तपासायची. आईला दाखवावं असं रोज वाटे. संध्याकाळी आई दमून यायची, पाय टबात सोडून बसायची, आणि भुंगी ठरवायची, उद्या.

पुढच्या आठवड्यात आई घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"गाडीवाल्यांना झालंय काय कोणास ठाऊक. एक जण आभाळाकडे बघून शीळ घालतोय. एक पाठ करून उभा राहिला. आणि तो नवा, लांबून येणारा, तो माझ्याकडे बघून नुसता हसतोय. प्रत्येक कॅनला तेच हसू. चांगलं दूध की वाईट, पत्ता लागत नाही."

भुंगीने हातातला फोन पालथा ठेवला. "असेल काहीतरी त्यांचं," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी ती आईचा विसरलेला डबा द्यायला डेअरीच्या फाटकाशी गेली. असा डबा ती शाळेत असल्यापासून पोचवत आली होती, त्यामुळे सगळे गाडीवाले तिला ओळखत. त्यांच्यातला सर्वांत जुना, ज्याला सगळे नाना म्हणत, गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होता.

"या लेखिकाबाई," नाना म्हणाला. "मासळी काय भाव?"

भुंगीने डबा छातीशी धरला.

"अगं, माशाच्या पेटीचं झाकण नाकाला लावून वास कोण घेतं? मासा समोर पडलेला असतो की! माझी भाची तुमच्याच कॉलेजात. तिने वाचून दाखवलं आणि म्हणाली, मामा, हे तुमच्यासारखंच वाटतंय. वर बघतो तर तुझा फोटो, तुझं नाव. चांगला फोटो आहे. केस मोकळे सोडलेस ते बरं केलंस."

आईचं नाव तिने शंभरदा शोधून पुसलं होतं. तिचं स्वतःचं नाव पानाच्या डोक्यावर होतं, पहिल्या दिवसापासून, फोटोसकट. ते तिला दिसलंच नव्हतं.

"नाना, कोणाकोणाला..."

"सगळ्यांना. वरच्या साहेबांना नाही, अजून तरी. आमच्यातला कोणी तोंड उघडणार नाही. पण पोरी, तोंड ठेवायचं कसं हेच कळेना झालंय!" नानाने कप पायरीवर ठेवला. "काल माझं दूध चांगलं होतं. ताजं, सकाळचं. पण ताईंनी झाकण उचललं आणि माझ्या मनात आलं, आता त्या माझ्याकडे बघणार. झालं. मला घाम फुटला. त्यांनी कॅन बाजूला काढला! प्रयोगशाळेने म्हटलं, दूध उत्तम आहे. साहेबांनी ताईंना आत बोलावून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा." त्याने आत ओट्याकडे पाहिलं. "माझं सोड. मी चांगलं दूध घेऊन घाबरतो. पण तो नवा वाईट दूध घेऊन हसायला शिकलाय. त्याचं काय?"

भुंगीने तिथेच, फाटकाला टेकून, पोस्ट काढून टाकली. नाना बघत होता. त्याने खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तिच्यापुढे धरला. पोस्टचा फोटो होता, ओळ न् ओळ. कोणीतरी काढून सगळ्यांना पाठवला होता. "तुझं तू पुसलंस," तो म्हणाला. वाईट वाटावं इतक्या प्रेमाने म्हणाला.

त्या दिवशी ती कॉलेजात गेली नाही. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. डोळ्यांसमोर एकच कॅन येत होता. त्याच्यामागे हसणारं तोंड, पुढे आईचा हात, आणि तो हात पुढे होतोय. तिला आता नोकरीचीही तेवढी भीती वाटत नव्हती. दवाखान्यात कोणाच्या तरी उशाशी ठेवलेला दुधाचा पेला तिला दिसत होता.

आई आली तेव्हा भुंगी दारातच उभी होती. चपला काढायच्या आत तिने सगळं सांगितलं. मासळी, फोटो, नाना, हसणारा गाडीवाला. आई भिंतीला धरून ऐकत राहिली.

"वाच," आई म्हणाली.

"काय?"

"जे लिहिलंस ते. मला वाचून दाखव."

भुंगीच्या वहीत कच्चा मसुदा होता. तिने वाचला. 'माणसं लवकर नासतात' या वाक्यापाशी तिचा आवाज चिरकला, कारण ते वाक्य तिने त्या बाईच्या तोंडी जसंच्या तसं घातलं होतं. आईने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. भुंगीला वाटलं, हिने कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

"मला विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

आईने मान हलवली, एखादा हिशेब जुळावा तशी. मग ती आत गेली, तोंड धुतलं, स्वच्छ साडी नेसली.

"कुठे निघालीस?"

"साहेब सहापर्यंत असतात. तो हसणारा उद्या सकाळी पुन्हा येईल."

"आई, काढून टाकतील तुला."

"टाकतील. तू लिहिलं नसतंस तरी कधीतरी एक कॅन गेलाच असता माझ्या हातून. मला माहीत होतं ते. रोज सकाळी माहीत होतं." ती चपलेत पाय घालता घालता थांबली. "म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस."

भुंगी तिच्याबरोबर गेली, पण फाटकाबाहेरच थांबली. आतल्या दिव्याखाली आई साहेबांसमोर उभी होती, काचेतून पाठ दिसत होती. साहेबांनी तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, आणि दोघी घराच्या रस्त्याला लागल्यावर बोलली. ओट्यावर उद्यापासून दुसरी कोणीतरी उभी राहील. आईला रिकामे कॅन धुवायच्या विभागात घेतलं होतं. पगार कमी, सुट्टी आठवड्याची तीच. साहेब चिडले होते, मग म्हणाले होते, सांगितलंत ते बरं केलंत, पण आधी सांगायला हवं होतं.

भुंगीने ब्लॉगवरून आपला फोटो काढला, मग पुन्हा लावला, मग पुन्हा काढला. सरांनी विचारलं, ब्लॉगवरची पोस्ट कुठे गेली? तिने सांगितलं. "मी तुला काय लिहायचं ते सांगितलं," ते म्हणाले, "कोणाला विचारायचं ते सांगितलं नाही." त्यांनी कॉलेजच्या पानावरची तिची प्रतही उतरवली. ओट्यावरच्या नव्या बाईने पहिल्याच आठवड्यात हसणाऱ्याचे कॅन बाजूला काढले, असं नानाने फाटकाशी सांगितलं. पुढचं भुंगीने विचारलं नाही.

धुण्याच्या विभागातून आई यायची तेव्हा तिचे हात सुरकुतलेले, पांढरे असायचे. एका संध्याकाळी ती टबात पाय सोडून बसली होती, आणि पूर्वीसारखी अचानक सांगायला लागली.

"अगं, आज तिथे काय मजा झाली. तिथली ती उंच बाई आहे ना, ती गरम पाण्याच्या वाफेत उभी राहून..."

आणि ती थांबली. भुंगी पुढे सरकून बसली होती. आईने तिच्याकडे पाहिलं.

"जाऊ दे," आई म्हणाली.

मी लिहिणार नाही, असं म्हणायला भुंगीने तोंड उघडलं. त्या बाईची वाफ, उंची, तिचं न ऐकलेलं वाक्य, सगळं तिच्या डोक्यात आधीच ओळी धरायला लागलं होतं. आईशी पुन्हा खोटं बोलायची तिची हिंमत नव्हती. तिने तोंड मिटलं, टॉवेल आणला आणि आईचे पाय पुसायला खाली बसली.