हॅमचा कडू घास

घरून निघताना आईनं मला अंगणातून परत आत बोलावलं, कारण मी "जातो" म्हणालो होतो. दादाचा पिकअप दारात सुरू होता. मागे झेंडूचे क्रेट रचलेले आणि त्यांच्यावर माझ्या दोन बॅगा. आधी फुलबाजारात झेंडू उतरवायचा, मग मला नाशिक रोडला स्टेशनवर सोडायचं, असं दादानं ठरवलं होतं. फुलं थांबत नाहीत, अमेरिका थांबेल, हे त्याचं म्हणणं. आई कुणाचीच घाई मानायला तयार नव्हती. तिनं मला पाटावर बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि म्हणाली, "जातो नाय म्हणायचं. येतो म्हण." मी येतो म्हणालो, तेव्हा कुठे तिनं हातावर दही ठेवलं. मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी ओहायोतल्या एका लहान गावात तसल्याच कारखान्यात, तसल्याच मशीनवर चाललो होतो आणि डोक्यात कागदपत्रांशिवाय दुसरं काही नव्हतं.

हे लिहितोय ते मखमलाबादच्या मळ्यात राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे कुठल्या कुठल्या गावांत जाऊन पडलेत त्यांच्यासाठीही. तुम्ही फोनवर विचारता, तिकडे काय चाललंय. मी म्हणतो, मजेत. खरं उत्तर असं, की आमच्या गावात कुणी वारलं की पन्नास-साठ माणसांचं हॅम सँडविच माझ्याकडे असतं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून टाकतो.

आईचा एक नियम तुम्हाला आठवत असेल. एरवी कुठूनही निघताना येतो म्हणायचं, पण दुःखाच्या घरून निघताना तेही म्हणायचं नाही. पुन्हा असल्या कारणासाठी यायची वेळ नको, म्हणून. मी लहान असताना शेजारच्या मळ्यातले म्हातारबा गेले. त्यांच्या घरी चूल पेटायची नव्हती, तेव्हा आईनं पिठलं-भाकरीची पाटी डोक्यावर घेतली आणि मला सोबत नेलं. कडू घास म्हणतात त्याला; गोड लागो न लागो, दोन घास पोटात गेले पाहिजेत. निघताना मी सवयीनं तोंड उघडलं, तर आईनं माझ्या तोंडावर हातच ठेवला. मुकाट्यानं उठायचं, मागे वळून बघायचं नाही. बांध ओलांडेपर्यंत तिनं माझी मान वळू दिली नाही.

ओहायोत आमच्या शेजारी डॉरथीबाई राहतात. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई, त्यामुळे आवाज मोठा आणि सगळ्यांवर लक्ष. पहिल्या हिवाळ्यात आमचं दार वाजवणाऱ्या त्या एकट्याच. बर्फात गाडी कशी वळवायची हे त्यांनी मला शिकवलं, आणि कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा हे माझ्या बायकोला, मीनलला. त्यांचं निरोप घेणं मात्र बघण्यासारखं. गुडघ्यांवर थाप मारून "चला" म्हणायच्या, मग दारात उभं राहून एक विषय, पायरीवर दुसरा, आणि आपल्या अंगणात पोचल्यावर तिथून तिसरा. आपल्या गल्लीतल्या बायकांनाही त्यांनी हरवलं असतं.

त्यांचा नवरा गेला तेव्हा चर्चमधल्या बायकांनी घराघरांत कामं वाटली. तिथे अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांना जेवण असतं आणि त्यात हॅम सँडविच हवंच. आपल्याकडे तेराव्याला जसं पुरणाशिवाय पान पुरं होत नाही, तसं. माझ्याकडे मोठा स्लो कुकर, म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारं भांडं, आहे हे डॉरथीबाईंना माहीत होतं. नाशिकची आठवण आली की मी त्यात मटकी शिजवायचो आणि मिसळीच्या वासानं त्यांना कुंपणापलीकडे शिंका यायच्या. तेव्हा हॅम माझ्या वाट्याला आलं.

हॅम म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. आपल्या घरात तुळशीची माळ, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या बाहेर. नाही म्हणावं तर दुःखातल्या बाईला नाही म्हणायचं कसं? मी आईला फोन केला, आणि गोलमाल न करता कसलं मांस ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुःखाच्या घरी त्यांचं जे अन्न आसंल तेच न्यावं. आपलं नाय न्यायचं. तू तोंडात घालू नको, म्हंजे झालं." इतका सरळ निकाल मला कुठल्या शहाण्यानं दिला नसता.

करायला काही अवघड नाही. हॅमचे कागदासारखे पातळ काप आणायचे, मोकळे करून कुकरमध्ये थरावर थर टाकायचे. सफरचंदाचा रस, ब्राऊन शुगर आणि मोहरीची पिवळी चटणी एकत्र करून वरून ओतायची. कुकर मंद आचेवर लावायचा आणि सकाळभर त्याच्याकडे बघायचं नाही. झाकण उचललं की वाफ जाते आणि वरचे काप सुकतात. जेवायच्या वेळी मऊ गोल पाव शेजारी ठेवायचे, चिमटा ठेवायचा, ज्यानं त्यानं भरून घ्यायचं. अडचण एकच, चव बघायची सोय नव्हती. पण नैवेद्याचा स्वयंपाक आई कधी चाखत नसे, मीठ वासावर ओळखायची. मीही रस हॅमवर ओतण्याआधी चाखला आणि पुढचं नाकावर सोडलं. नैवेद्याचं शिक्षण असं कामी आलं, हे आईला मी कळवलं नाही.

तळघरात लांब टेबलावर ओळीनं कुकर मांडलेले होते. माझा रिकामा झाला. लोक चांगलं झालंय म्हणाले. आवराआवर झाल्यावर मी कुकर उचलला. डॉरथीबाई जिन्याजवळ खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं. मी मान खाली घातली आणि जिना चढू लागलो. मागून त्यांनी मला नावानं हाक मारली. मी वळलो नाही. मी जे करत होतो ते त्या बाईसाठी, त्यांच्या घरावर पुन्हा ती वेळ येऊ नये म्हणून करत होतो, आणि नीट केलं याचं मला समाधानही होतं.

त्यानंतर डॉरथीबाई आमच्याकडे आल्या नाहीत. टपालाच्या पेटीशी गाठ पडली तर मान हलवायच्या, तेवढंच. हिवाळ्यात मी त्यांच्या दारातला बर्फ काढला, तर खिडकीतून हात दाखवून त्यांनी पडदा सोडला. मीनल म्हणायची, विचारून बघा. मला वाटलं, दुःखाचं वर्ष आहे, पाळत असतील; आपल्याकडे वर्षभर सण करत नाहीत, तसं. त्यांच्याकडे तसलं काही पाळत नाहीत हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्या एका घराशिवाय आम्हाला तिथे घर नव्हतं, आणि ते बंद झालं होतं.

मग एका सकाळी दादाचा फोन आला. आई गेली होती. आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा, म्हणजे मी. दादानं विचारलं, थांबायचं का? मला दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळशिवाय विमान नव्हतं. आईला बर्फावर ठेवलेलं आवडलं नसतं. मी म्हणालो, नको, तू दे. फोन ठेवला. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणाचा ते कळेना.

मीनलनं शेगडी लावली नाही. आमची शेगडी विजेची, तिला जाळ नाही, मग ती चूल म्हणायची का, यावर तिनं जरा विचार केला आणि चूलच म्हणायची असं ठरवलं. मी म्हणालो, इथे कडू घास आणणार कोण? घराची किल्ली कुणाकडे तरी ठेवायला हवी होती, म्हणून मीनल डॉरथीबाईंकडे गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

ती परतली आणि थोड्या वेळानं दार वाजलं. डॉरथीबाई टॉवेलमध्ये धरलेला स्वतःचा स्लो कुकर घेऊन उभ्या होत्या, वायर कडेनं गुंडाळलेली. आत बटाट्याचे काप आणि चीज होतं. तिकडे हा पदार्थ हॅम घातल्याशिवाय कुणी करत नाही. मी कुकरकडे बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "यात हॅम नाही. त्या दिवशी आम्ही तुला हॅम करायला लावलं म्हणून तू रागावून गेलास, असं मी इतके महिने धरून चालले होते. आत्ता मीनलनं तुमची रीत सांगितली."

मीनलनं वाढलं. बटाटे मऊ होते, जरा खारट. पहिला घास घशाखाली गेला आणि मला रडू आलं. डॉरथीबाई समोर बसून राहिल्या. एकदाही बोलल्या नाहीत. मी त्यांना इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं.

आमचं खाणं झाल्यावर त्या उठल्या. गुडघ्यांवर थाप नाही, "चला" नाही. दारात थांबल्या नाहीत, पायरीवर थांबल्या नाहीत. मी खिडकीतून बघत होतो. आपल्या अंगणात पोचल्यावर त्यांची पावलं सवयीनं अडखळली, मान वळतेय असं वाटलं. पण त्यांनी ती वळू दिली नाही. सरळ आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

नाशिकला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दादानं विचारलं, तिकडे कुणी कडू घास आणला का? मी सांगितलं. कुकर, बटाटे आणि ती बाई न बोलता कशी गेली, तेही सांगितलं. दादा शेवंतीच्या वाफ्याला पाणी देत होता. पाटाचं बारं पुढच्या वाफ्याकडे फिरवून म्हणाला, "बाई आपल्यातलीच हाय."

तेरावं झालं आणि माझी निघायची वेळ आली. पिकअप दारात होता, मागे शेवंतीचे क्रेट आणि त्यांच्यावर माझी बॅग. अंगणात उभा राहून मला काय म्हणावं ते सुचेना. दुःखाच्या घरून तर येतो म्हणत नाहीत. आणि आता या घरात मला कुणाला सांगून निघायचं होतं? मी मुकाट्यानं गाडीत जाऊन बसलो. दादा किल्लीला हात लावून तसाच बसला होता.

"तेरावं झालं ना?" तो म्हणाला. "मग उतर. आत जाऊन म्हणून ये."

म्हटलं, फुलं आहेत मागे.

"थांबतील."

मी आत गेलो. पाट भिंतीला उभा केलेला होता. स्वयंपाकघरात वहिनीनं नुकताच गॅस पेटवला होता, तिची पाठ माझ्याकडे होती. मी उंबऱ्यावरूनच म्हणालो, "येतो."

"या, भाऊजी," वहिनी म्हणाली आणि हातावर ठेवायला दही शोधू लागली.