ओरिजिनल का डुप्लिकेट? विचारा दत्तू मिस्त्रीला!

कुठलंही इंजिन उघडून परत बसवलं की एखादा नट उरतोच. तो टाकवत नाही आणि कुठं बसतही नाही. दत्तू मिस्त्री असले नट तेलाच्या रिकाम्या डब्यात साठवायचा. त्याच्या गॅरेजातले किस्से माझ्याकडं तसेच साठलेत.

मी गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. नव्वद सालानंतरची दहा-बारा वर्षं शिरूर-दौंड भागात गाडी ठोकली की बघायला मीच. काम तासाभराचं, बसणं दिवसभराचं! दत्तूचं गॅरेज शिरूरला, न्हावऱ्याच्या रस्त्यावर. तिथं एका जुन्या ॲम्बॅसिडरची मागची सीट भिंतीला टेकवलेली असायची, ती माझी जागा. सीट ओरिजिनल होती. दत्तूनंच सांगितलं होतं, म्हणजे शंकाच नाही.

त्या दिवसांत आमच्याकडं जुन्या गाड्यांचं खूळ आलं होतं. रांजणगावला कारखाने आले, ऊसवाल्यांच्या हातात पैसा खेळायला लागला, आणि ज्याला त्याला दारात जुनी जीप नाहीतर परदेशी मोटार हवी झाली. तीही अस्सल! अस्सल की नक्कल ते ठरवायचा मान दत्तूचा. तो गाडीखाली सरपटत जायचा, बॅटरीच्या उजेडात इंजिनचा आणि चॅसीचा नंबर ताडून बघायचा, बाहेर येऊन हात पुसायचा आणि एकच शब्द बोलायचा. "ओरिजिनल" नाहीतर "डुप्लिकेट". त्यावर अपील नाही. खोटा निकाल त्यानं कुणासाठी दिला नाही, आणि यापायी त्याचं जेवढं नुकसान झालं तेवढं माझ्या विमा कंपनीनंही सोसलं नसेल.

* * *

एक बागायतदार आप्पा जीप घेऊन आले. हिरवा रंग, पुढं पांढरा तारा.

"दुसऱ्या महायुद्धातली हाय, मिस्त्री. जपान्यांशी लढलेली! ह्ये बघा गोळीचं भोक."

दत्तू खाली गेला तो अर्धा तास बाहेर आला नाही. आप्पांचा दोनदा चहा झाला.

"बॉडी पुण्यात ठोकलीया," दत्तू खालूनच बोलायला लागला. "इंजिन दुसऱ्या जीपचं. गिअरबॉक्स तिसरीचा. भोक जॅक घसरल्याचं हाय."

आप्पांचा चेहरा पडला. "म्हंजी महायुद्धातलं ह्यात कायच न्हाई?"

"हाय की! हॉर्नचं बटण."

आप्पांनी मोठ्या आशेनं बटण दाबलं. काही वाजलं नाही.

"ते शहीद झालंय," दत्तू म्हणाला.

* * *

मुंबईचा एक दलाल यायचा. त्याच्याकडची प्रत्येक गाडी कुठल्या ना कुठल्या महाराजांची असायची. एकदा त्यानं क्रीम रंगाची लांबलचक मोटार आणली, आणि रांजणगावच्या एका कारखान्यातले मॅनेजर, देशपांडेसाहेब, ती घ्यायला निघाले. साहेब भला माणूस. जुनी गाडी दिसली की हरखून जायचे.

"ह्या सीटवर खुद्द राजकुमार बसायचे," दलाल सांगत होता.

दत्तूनं नंबर बघितलाच नाही. सरळ मागची सीट उचकटली आणि खालच्या खाचेत हात घातला. मूठभर शेंगांची टरफलं निघाली, एक गोटी निघाली, आणि पाटीवर लिहायच्या पेन्सिलींचे कुरतडलेले आठ-दहा तुकडे निघाले. गाडी कुठल्या तरी गावात शाळेची पोरं वाहत होती!

दत्तूनं सगळा ऐवज दलालाच्या हातावर ठेवला. "राजवाड्यात पेन्सिली खायाला देत हुते व्हय?"

* * *

याच देशपांडेसाहेबांनी पुढं खरोखरच अस्सल मोटार मिळवली. रंगसुद्धा कंपनीतून आलेला, उन्हानं विटलेला, जागोजागी पोपडे धरलेला. साहेबांचा जीव त्या पोपड्यांवर! ब्रेकच्या कामाला गाडी दत्तूकडं सोडताना त्यांनी बजावलं, "मिस्त्री, हिचा जुनेपणा हीच हिची किंमत. वरून हात लावायचा नाही."

दत्तूनं ऐकलं. पण ऐकायला त्याचा पेंटर पोपट तिथं नव्हता. आणि चार दिवसांवर दसरा आला होता.

खंडेनवमीला आमच्याकडं पान्यापासून ट्रकपर्यंत सगळं धुऊन-पुसून पूजेला मांडतात. दत्तू सामान आणायला पुण्याला गेलेला. पोपटला वाटलं, एवढ्या मोठ्या साहेबांची गाडी, सणासुदीला अशी कळकट कशी ठेवायची? तळेगाव ढमढेऱ्याचा आठवडी बाजार सोडून पठ्ठ्या दोन दिवस राबला. घासली, लांबी भरली, लालभडक ऑइलपेंट मारला आणि मागं झोकदार अक्षरात लिहिलं, "आईचा आशीर्वाद". वरून झेंडूची माळ.

दसऱ्याला साहेब आले. गाडीकडं बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

पोपट पुढं झाला. त्यालाही भरून आलं होतं. "रडू नका साहेब," तो म्हणाला, "रंगाचं काय घ्यायचं न्हाई!"

साहेबांनी पुढं खूप खर्च करून रंग उतरवला, पण मागची ओळ त्यांच्या आईनं खोडू दिली नाही. अजूनही ती तशीच आहे.

* * *

दत्तूचा मेव्हणा बुलेट विकायला घेऊन आला. गिऱ्हाईक बरोबरच होतं. मेव्हणा डोळे मिचकावत म्हणाला, "दाजी, सांगा ह्यास्नी, इंजिन ओरिजिनल हाय म्हून."

दत्तूनं वाकून बघितलं. "डुप्लिकेट."

गिऱ्हाईक गेलं. मेव्हणा न जेवता गेला. दुपारी दत्तूच्या बायकोनं, शांताबाईनं, आम्हा दोघांना ताटं वाढली. माझ्या ताटात वांग्याचं भरीत आणि गरम भाकरी. दत्तूच्या ताटात कालची शिळी भाकरी आणि मीठ.

"ह्ये काय?" दत्तू म्हणाला.

"डुप्लिकेट हाय," बाई म्हणाल्या. "ओरिजिनल जेवान माज्या भावाच्या घरी मिळंल!"

* * *

एवढा कडक माणूस, पण एका माणसापुढं त्याची मान खाली जायची. दौंडचे जोसेफसाहेब. रेल्वेतून निवृत्त झालेले मेल ड्रायव्हर. बायको वारलेली, मुलं परदेशात. पेट्रोल महागलं त्या काळात पुण्याच्या एका शेठनं त्यांना आपली इम्पाला जवळजवळ फुकटात दिली होती. आठ सिलिंडरचं अमेरिकन धूड! केडगावच्या फाटकातून गेली तर दौंडात आवाजावरून कळायचं, असं लोक सांगायचे. पुढं साहेबांनाही पेट्रोल झेपेना, तेव्हा त्यांनी दत्तूकडून तिला डिझेल इंजिन बसवून घेतलं. काढलेलं इंजिन दत्तूनं भंगारात दिलं. फक्त त्याची दोन हेडं, म्हणजे सिलिंडरच्या भोकांवरची झाकणं, आणि कार्बोरेटर तेवढा ठेवून घेतला.

डिझेलवर गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा साहेबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "दत्तू, ही मोटार नाही राहिली. पिठाची गिरणी झाली."

हे दत्तूच्या काळजात रुतलं. दुसऱ्यांच्या गाडीला डुप्लिकेट म्हणणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं एक अस्सल गाडी बाटवली होती. वीस वर्षं तो ते इंजिन शोधत होता. पुण्यातली जुन्या बाजाराची गल्ली, नगर, मुंबई, काही सोडलं नाही. भंगारवाल्यानं सांगितलं होतं, न्हावऱ्याकडच्या ओढ्यात पावसात टेम्पो रुतला, तेव्हा वजन कमी करायला ते धूड बांधावर ढकललं. नंतर गेला तर बांधही सापडला नाही. दत्तू ती थाप समजत होता.

आम्ही दौंडला गेलो की साहेब चहा द्यायचे आणि इंजिनचा नंबर म्हणून दाखवायचे. डोळे मिटून, एकेक आकडा सुटा सुटा, जपमाळ ओढावी तसा. "चार, सात, एक, नऊ, शून्य, आठ." त्यांची नजर हळूहळू गेली, पण आकडा कधी चुकला नाही.

शेवटच्या भेटीत म्हणाले, "गाडी तू घेऊन जा. पण एकदा तो आवाज ऐकव मला. मग माझा सिग्नल पडला तरी चालेल."

परत येताना दत्तूनं इम्पाला शिरूरला आणली.

* * *

आता हा शेवटचा.

न्हावऱ्याला ठकूबाईंच्या शेतावर ट्रॅक्टर बंद पडला होता. मी दत्तूबरोबर सहज गेलो. ठकूबाई म्हणजे सत्तरीची धनगराची म्हातारी. सासरा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा, यांच्या पन्नाशीत घर इथं स्थिरावलं. काम झालं. त्यांच्या बांधावर लिंबाखाली शेंदूर माखलेला म्हसोबा होता. दत्तू पाया पडायला वाकला, तो वाकलेलाच राहिला.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्या म्हसोबाला भोकं हायेत. चार वर दिसत्यात. बाकीची चार मातीत असतील."

चारही भोकांत जास्वंदीची फुलं खोचली होती.

दत्तूनं लपवाछपवी केली नाही. ठकूबाईंना सगळं सांगितलं. म्हातारी लिंबाखाली टेकली. मग म्हणाली, "आमी मेंढरामागं फिरत हुतो तवा देवबी संगं फिरायचा. हितं जमीन घेतली आन् दुसऱ्या दिशी ह्यो बांधावर दिसला. सासरा म्हणला, देव बसला, आता आपुनबी बसायचं. तवापास्नं आमी बिऱ्हाड हलिवलं न्हाई." पुढं म्हणाली, "पर दुसऱ्याची वस्तू ठिवून घ्यायची आमची रीत न्हाई. तुमच्या सायबाची हाय का न्हाई, तेवढं खरं सांगा. असली तर न्या."

पुढच्या रविवारी दत्तूनं जोसेफसाहेबांना जीपमधून आणलं. ते आठ दिवस त्यानं माळ्यावरची हेडं उतरवून घासली होती. इम्पालातलं डिझेल इंजिन काढून ठेवलं होतं. जागा रिकामी करून तयार! एवढा खुशीत मी त्याला कधीच बघितला नव्हता.

वाटेत त्यानं साहेबांना ठकूबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

बांधाजवळ साहेबांनी बूट काढले. दत्तूनं त्यांचा हात धरून नंबराच्या जागी नेला, आणि ठकूबाईंना विचारून तिथला बोटभर शेंदूर नखानं खरवडला. वीस वर्षांच्या तेल-शेंदरानं खाली गंजाचा ठिपकाही धरू दिला नव्हता. मी मागून बघत होतो. आकडे लख्ख होते.

साहेबांनी अंगठ्यानं ते आकडे चाचपले. एकदा. मग पुन्हा सावकाश. त्यांचे ओठ हलत होते. चार, सात, एक, नऊ, शून्य, आठ. शेवटच्या आठावर अंगठा बराच वेळ राहिला.

ठकूबाईंचं सगळं घर उभं होतं. सुना, नातवंडं, सगळी.

साहेबांनी हात काढून घेतला. "हे माझं नाही," ते म्हणाले. "नंबर जुळत नाही."

ठकूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्या दत्तूकडं वळल्या. "मिस्त्री, तुमी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाई म्हंत्यात."

दत्तूनं साहेबांकडं बघितलं. साहेब चाचपडत आपले बूट शोधत होते. ते दत्तूनंच त्यांच्या पायाशी सरकवले.

"डुप्लिकेट हाय, मावशी," तो म्हणाला, आणि शेंदराची वाटी मागून घेऊन खरवडलेली जागा त्यानं स्वतःच्या बोटानं बुजवून टाकली.