टाके न उसवलेला खिसा

"हे गेले गं," शैलाकाकू फोनवर म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं, "आणि ही माणसं ह्यांना कोट घालू देत नाहीयेत." मी पुण्यात एका कॉलेजच्या फाटकाशी बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटत होते. गठ्ठा हातातच राहिला. बहारीनला, रिफातल्या त्या घरात काय चाललं असेल ते मला दिसत होतं... हॉलमध्ये विनूकाकाच्या ऑफिसातली मंडळी, आणि फोनच्या स्पीकरवर साताऱ्याहून त्याचे थोरले भाऊ, आमचे दादाकाका: शिवलेलं वस्त्र चालत नाही, कोरं कापड गुंडाळा. काकूचं कुणी ऐकलं नाही. विनूकाका कोऱ्या कापडात गेला आणि कोट कपाटात राहिला.

त्याला आता महिना होत आला. मधल्या काळात काकाबद्दल जे जे लिहिलं-बोललं गेलं त्यात एक शब्द ठरलेला होता: साधा. साधी राहणी, कसली हौस नाही, संतमाणूस. मला या शब्दाची चीड आहे. माझा काका साधा नव्हता. बहारीनमध्येच हिद्दच्या कंपनीत उभा जन्म हिशेब तपासणारा हा माणूस मॉलमध्ये कोटांच्या दुकानापाशी थबकायचा, बाही उलटी करून आतली शिवण बघायचा आणि हळूच परत ठेवायचा. लहानपणी चिंचेवरून पडून त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, गावच्या हाडवैद्याने ते वाकडं बसवलं आणि डावा खांदा कायमचा खाली गेला. कुठलाही तयार शर्ट त्याच्या अंगावर एका बाजूला घसरायचा. शाळेत पोरं 'तराजू' म्हणून चिडवायची, आणि त्या पोरांचे पुढारी होते दादाकाका. मग त्याने ढगळ बुशशर्ट धरले ते धरलेच. एका माणसाला हसून हसून हौस सोडायला लावायची आणि मेल्यावर त्याला साधेपणाचं प्रशस्तिपत्र द्यायचं, हा कुठला न्याय? एकच हौस त्याने उघड जपली होती, खाण्याची. लोंबणाऱ्या त्या डाव्या खिशात कायम काहीतरी असायचं, खारे काजू, खजूर, गोळी. हिद्दला आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो तेव्हा संध्याकाळी तो घरी आला की मी आधी त्या खिशात हात घालायचे आणि मग त्याच्याकडे बघायचे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्याने जाहीर केलं, इटलीला जायचं, आणि तिथे नेपल्सला अंगाच्या मापाचा कोट शिवून घ्यायचा. मी तडकले. "काका, इथे भर उन्हात डोक्याला ओलं फडकं बांधून माणसं रस्ते खणतायत, आणि तू लोकरीचा कोट शिवणार?"

"पत्रकबाई," तो म्हणाला, "त्यांना सावली मिळालीच पाहिजे. काढ पत्रक, पहिली सही माझी. पण मला एकदा असं काहीतरी घालायचंय ज्याला माझा खांदा माहीत आहे." मग हसून, "आणि तूही चल. परक्या गावात बरोबर भांडणारं माणूस हवं."

नेपल्सचा तो शिंपी एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर राहायचा आणि तिथेच शिवायचा. म्हातारा, ताठ, बोलणं जवळपास नाहीच. त्याची मुलगी मोडक्या इंग्रजीत दुवा साधायची. खांदा लपवायला आत गादी घालू का, असं तिने विचारलं. काका म्हणाला, "नको. आहे तसा दिसू दे." म्हातारा पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला. माप झाल्यावर आम्ही तिघं खाली कोपऱ्यावरच्या भट्टीत गेलो. तिथे मिरी-बदामाची खारी कडी पाहून काका ओरडलाच, "शैला, अगं ही तर आपली कडबोळी! भाजणी घालायला विसरलेत एवढंच." चार दिवसांनी कच्चा कोट अंगावर घालून बघायला गेलो तेव्हा काकूने पर्समधून घरची कडबोळी काढून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. "खा म्हणावं. आणि खरी कुठली ते सांग म्हणावं." त्याने डोळे मिटून खाल्ली आणि दोन्ही हात जोडले. आम्ही हसत सुटलो. काकाने तिथल्याच लिंबाच्या गोळ्या घेतल्या होत्या, फोडली की आतून आंबट पूड फसफसणाऱ्या, आणि खिसा गच्च भरला होता. एक गोळी त्याने म्हाताऱ्यालाही दिली. ती त्याने खाल्ली नाही, टेबलावर खडूशेजारी ठेवली.

तेव्हाचं एक दृश्य मला सोडत नाही. पांढऱ्या कच्च्या टाक्यांचा तो अर्धा कोट काकाच्या अंगावर, समोर उंच आरसा, आणि टाचण्या लावताना म्हातारा काकाकडे बघतच नव्हता. तो आरशात बघत होता, काकाच्या जरा मागे... जणू तिथे आणखी कुणी उभं आहे आणि माप त्याचं चाललंय. म्हाताऱ्याची नजर गेली असेल, असं मी मनात म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कोट कुरियरने आला तेव्हा दिवाळी होती आणि मी रिफालाच होते. काकाने घातला. खांदा असा बसला की काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बटण लागेना. छातीत आणि पोटावर कोट चांगला चार बोटं अपुरा. "लाव फोन त्या म्हाताऱ्याला!" काकू कडाडली. मी भांडले. मुलगी आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, वडील सांगतात, माप बरोबर आहे. बस्स, एवढंच. मग आम्ही मनामात काकाच्या जुन्या ओळखीच्या इस्माईलभाईंकडे गेलो, मूळचे रत्नागिरीचे शिंपी. त्यांनी कोट उलटा करून पाहिला. "साहेब, आत कापड भरपूर सोडलंय. परवा ढिला करून देतो, इंशाल्ला."

काका कोटावर हात फिरवत राहिला. "राहू दे, भाई. कोटाला माझ्याकडे नको आणू. मीच जातो त्याच्याकडे."

"मग उद्यापासून पुरणपोळी मफी, एकदम बंद!" काकू म्हणाली, आणि इस्माईलभाईंसकट सगळे हसले.

तो खरंच बारीक होऊ लागला. आधी काकूला कौतुक वाटलं, मग गालफडं बसली, मग रिपोर्ट आले. स्वादुपिंडाचा कर्करोग. उन्हाळा लागता लागता मी त्याला भेटायला गेले ती आमची शेवटची भेट. दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले, एसीची घरघर. तो म्हणाला, "कोट आण." उठून उभा राहिला, स्वतःच्या हाताने घातला आणि बटण लावलं. लागलं. कुठे एक चुणी नाही, कुठे ओढ नाही. जणू माप आज सकाळीच घेतलं होतं. काकू भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काका आरशात बघत होता, स्वतःच्या जरा मागे.

"कसा दिसतो?"

"बँकेच्या मालकासारखा," मी म्हटलं.

"बघ, वाकडा असून सरळ दिसतो. आता बाहेर जाताना घालायचा."

"यल्ला, चल, आत्ताच जाऊ."

"जाऊ... जाऊ गं." त्याने तो उतरवून स्वतःच हँगरला लावला. बाहेर तो घातला गेलाच नाही.

आता नातेवाईक म्हणतात, कोटाने नेला. मूर्खपणा आहे. माझ्या काकाला कर्करोगाने नेलं, आणि हे मी कुठल्याही चौकात उभी राहून सांगेन.

मागच्या आठवड्यात मी रिफाला आले. दादाकाकांचा फोन आलाच. महिन्याचं व्हायच्या आत तो कोट घराबाहेर काढा, कुणाला तरी देऊन टाका, जीव अडकतो अशाने. काकू शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "देते की दादा. पण कुणाला देऊ? असा खांदा कुणाचा आहे? तुम्ही तराजू म्हणायचात ना, त्या तराजूच्याच मापाचा आहे. तुम्हीच घालून बघता का?" पलीकडून फोन बंद झाला. कोट राहिला.

त्यानंतर काकूने मला कपाटापाशी नेलं. लाकडी हँगर अगदी सरळ, तरी डावा खांदा खाली. नव्या कोटाचे खिसे शिंपी कच्च्या टाक्यांनी बंद करून पाठवतात, घालणारा ते उसवतो. काकाने उसवले नव्हते. पांढरा दोरा जसाच्या तसा होता. काकूने माझी बोटं डाव्या खिशावर ठेवली. "दाबून बघ."

आत काहीतरी होतं. छोटं, गोल, कडक. बोटाखालून सरकलं.

मी कात्री आणली. शिंप्याचं बटण असेल, खडूचा तुकडा असेल. उघडा, बघा, तपासा, हे माझ्या प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य असतं. कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं...

"राहू दे," काकू म्हणाली. "त्यांचं आहे ते."

मला भीती वाटली नव्हती असं इथे लिहायचं होतं. लिहवत नाही. मी कात्री काढून घेतली. कपाटाचं दार लावताना आतून लिंबाचा वास आला, आंबट, ताजा, नुकतीच कुणी गोळी फोडावी तसा.