कुलूपवाल्याची वेबसाइट

आमचे हे कुलूपवाले. हरवलेल्या किल्लीची जोडकिल्ली करायची, अडलेलं दार उघडून द्यायचं, नव्या दाराला कुलूप बसवायचं, यातच त्यांचं आयुष्य गेलं. दुकान बंद करताना कुलूप लावतील, ओढून बघतील, चार पावलं जातील, परत येतील आणि पुन्हा ओढतील. आमच्या लग्नात फोटोवाला खोळंबला होता आणि नवरदेव हॉलच्या मागच्या दाराची कडी तपासत होते. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मोठ्या रस्त्यावरची जुनी इमारत पाडली, तिच्यासोबत यांचं दुकानही गेलं. नवी जागा मिळाली ती मागच्या गल्लीत, छापखान्याच्या जिन्याखाली. तिकडे गिऱ्हाईक फिरकेना. हे दुपारीच घरी येऊ लागले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी घरात दिसेल त्याला कुलपं लागली. कपाटं झाली, शिवणाचा डबा झाला, शेवटी साखरेच्या फडताळावर पाळी आली. चहा करायचा म्हटलं की आधी किल्ली शोधा!

मी वैतागायची, पण खरं सांगते, आतून घाबरलेही होते. एकदा जेवताना ते म्हणाले, "महिनाभर बघतो. नाहीच कुणी आलं तर हत्यारं देऊन टाकतो आणि तुझ्या भावाच्या गोदामावर फाटकाशी बसतो." म्हणजे उरलेला जन्म दुसऱ्याचं कुलूप राखायचं.

नणंदेची लेक वेबसाइट बनवते. मी तिला बोलावून घेतलं. तिने मामासाठी झकास साइट केली. प्रत्येक कामाचं वेगळं पान, ठळक अक्षरात फोन नंबर, गल्लीत कसं वळायचं तेही फोटोसकट. फक्त मोबाइलवर 'कुलूपवाला' असं शोधलं की गावभरचे कुलूपवाले दिसायचे, आमचे सोडून.

"मामा, आता साइटमॅप द्यायचा," भाची म्हणाली. "आपल्या साइटवर कुठली कुठली पानं आहेत त्याची यादी. ती सर्च इंजिनला दिली की त्यांचा बॉट येतो, पानं वाचतो आणि नोंद करून घेतो."

"बॉट कोण?"

"प्रोग्रॅम असतो मामा. आपोआप फिरतो."

"म्हणजे ओळख ना पाळख. केव्हाही येणार, सगळ्या खोल्या बघणार, आणि वर आपणच त्याच्या हातात घराचा नकाशा द्यायचा? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"अहो, द्या म्हणते ना ती!" मी ओरडले. त्यांनी मान डोलावली. भाचीने यादी पाठवली आणि ती हात धुवायला गेली. हे मात्र लॅपटॉपपुढे बसून काहीतरी निरखत राहिले.

मग मी रोज शोधायची. रोज तेच. महिना सरत आला. यांनी कानशी पुसून कापडात गुंडाळायला घेतल्या, तेव्हा मी भाचीला पुन्हा बोलावलं, या खेपेला दुकानातच. तिने सर्च इंजिनचं पान उघडलं. यादी पोचली होती, पण एकही पान नोंदलेलं नव्हतं. कारण लिहिलं होतं की साइटनेच मनाई केली आहे.

"माशी शिंकली कुठे?" असं पुटपुटत तिने सेटिंग उघडली. 'सर्च इंजिनांनी या साइटची नोंद करू नये', आणि पुढच्या चौकोनात टिचभर खूण. "मामी, ही मी केलेली नाही."

आम्ही दोघी यांच्याकडे वळलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"अगं, यादी दिली ना तुम्ही," ते हळूच म्हणाले. "मग निदान दार तरी लावून घ्यावं म्हटलं."

मी इतकी हसले की छापखान्यातला माणूस वाकून बघायला लागला. मग रागही आला. "काढा ती खूण! तुमच्या हातांनी काढा." त्यांनी माउस धरला. दुसऱ्याची दारं चुटकीसरशी उघडणारा माणूस, पण तेवढं बोट दाबायला त्यांना घाम फुटला. शेवटी दाबलं. भाचीने यादी पुन्हा पाठवली.

पुढच्या आठवड्यात मी डबा घेऊन दुकानात गेले होते, तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज इतका मोठा की मलाही ऐकू आला. दार मागच्या मागे बंद झालं होतं, किल्ली आत, बाळ आत, गॅसवर दूध. "मोबाइलवर शोधलं तर तुमचंच दुकान जवळ दिसलं. लवकर या हो!"

"आधी इमारतीखालून गॅसच्या पाइपचा कॉक बंद करता आला तर करा, मी निघालोच," म्हणत यांनी पिशवी उचलली, गुंडाळलेल्या कानशी तशाच आत कोंबल्या आणि पळत सुटले. या वयात! गल्लीच्या टोकापर्यंत मी बघत राहिले. आता थांबतील, आता परत येऊन कुलूप ओढतील, असं वाटत होतं. ते वळलेच नाहीत.

गल्ला उघडा, दार उघडं, कुलूप टेबलावर तसंच पडलेलं. मला रडू आलं आणि हसूही आलं. मी त्यांच्या स्टुलावर बसले आणि ते परत येईपर्यंत दुकान तसंच उघडं ठेवलं.